मरिनचा किनारा, खडीच्या वाटा आणि ग्रॅव्हल बाईक : कुठं चालवावी, कुठं उतरावं

सड्यावरची | शनिवार, रात्री 9:40

आज सकाळी पॉइंट रेयसला लगूना ट्रेलहेडपाशी, म्हणजे वाट सुरू होते तिथं, गाडी लावली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की सायकलीच्या हँडलवर थेंब धरत होते. ऑगस्ट महिना, आणि अंगात स्वेटर. इथल्या समुद्राचं पाणी थंडगार आणि आतली खोरी तापलेली, त्यामुळे उन्हाळाभर हे धुकं जमिनीकडे ओढलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मला मात्र अजूनही दर वेळी नवल वाटतं.

लगूनापासून कोस्ट कॅम्पपर्यंतची कोस्ट ट्रेल 2.8 मैलांची, म्हणजे साडेचार किलोमीटर. आधी एका ओहोळाच्या कडेनं अल्डर आणि विलोच्या झाडीतून हळूहळू उतरते. मग झाडं संपतात, समुद्र येतो आणि वाट डावीकडे वळते. उजव्या हाताला वाळूच्या टेकड्या, त्यापलीकडे लाटा. आज लाटा दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. चाकाखाली बारीक खडीचा चर्र आवाज आणि तो लाटांचा आवाज, एवढंच. कॅम्पपर्यंत माणूस एकही भेटला नाही. एक बॉबकॅट (इथला रानबोका) मात्र वाटेच्या मधोमध बसला होता. मी थांबले, पाय टेकवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, उठला, आणि अजिबात घाई न करता गवतात गेला.

हा धागा त्या बॉबकॅटमुळे काढते आहे. खरं तर गेल्या वर्षीच काढायला हवा होता.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं. लहानपणी भावाची सायकल घेऊन सड्यावर जायचे, जांभ्याच्या लाल खडीवर. पुढं पंचवीस वर्षं सायकल सुटली. दोन वर्षांपूर्वी इथं ग्रॅव्हल बाईक घेतली आणि पहिल्याच दिवशी हाताला तीच थरथर लागली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: दिसायला रेसिंगच्या सायकलीसारखी, वाकलेल्या हँडलची, पण टायर रुंद, गिअर सोपे, ब्रेक डिस्कचे. डांबरी रस्त्यावरही धावते आणि मातीच्या, खडीच्या रस्त्यावरही. दगडधोंड्यांच्या उभ्या उतारांसाठी मात्र ती नाही.

गेल्या वर्षी बोलिनास रिजवर घडलेली गोष्ट. ही सुमारे 11 मैलांची डोंगरमाथ्यावरची वाट. दक्षिणेकडच्या टोकाला रेडवूडची गर्द राई, उत्तरेकडे उघडी कुरणं, चरणाऱ्या गाई आणि गाईंसाठी लावलेली फाटकं. मी दक्षिणेकडून उत्तरेला उतरत होते. वाट मऊ, सायकलीचा आवाज नाही. एका वळणावर पुढे घोडेस्वार बाई होत्या, सत्तरीच्या असतील. मी मागून अगदी जवळ येईपर्यंत घोड्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो दोन पायांवर उभा राहिला. बाई पडल्या नाहीत, ते केवळ त्यांच्या सरावामुळे. माझे हातपाय कापत होते. त्या खाली उतरल्या, घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, बोलत राहा, म्हणजे त्याला कळेल की तू माणूस आहेस. हेल्मेट घालून वाकून येणारी, आवाज न करणारी गोष्ट म्हणजे त्याच्या लेखी शिकारी जनावर.

तेव्हापासून माझ्या हँडलवर पितळेची घंटा आहे. आंधळ्या वळणाच्या आधी वाजवते, घोडा दिसला की लांबूनच हाक देते, उताराच्या बाजूला उतरून उभी राहते. मरिनमधल्या फायर रोडवर (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या मातीच्या रस्त्यांवर) ताशी 15 मैलांची मर्यादा आहे, आणि आंधळ्या वळणावर किंवा कुणाच्या शेजारून जाताना 5 मैलांची. आधी मला ती जाचक वाटायची. आता 15 सुद्धा पुष्कळ वाटतात.

तुम्ही लोक कुठं चालवता? आणि जिथं जनावरांची, पक्ष्यांची हक्काची जागा आहे तिथं आपण सायकलवरून किती आत जावं, हे तुम्ही कसं ठरवता? मला खरंच ऐकायचं आहे.

———

नवखी_फ्रीमाँट | रविवार, सकाळी 7:15

ताई, वाचून लगेच निघावंसं वाटलं. माझ्याकडे साधी हायब्रिड सायकल आहे, टायर 35 मिमी. चालेल का? चढ फार आहे का? मुलगी आता कॉलेजला गेली, शनिवार मोकळे आहेत, पण एकटीनं जंगलात जायची भीती वाटते.

———

टायरपंप | रविवार, सकाळी 10:02

@नवखी_फ्रीमाँट, कोस्ट ट्रेल आणि बेअर व्हॅली या दोन्हींना 35 मिमी पुरेत. बोलिनास रिजला नाही. तिथं गाईंच्या खुरांनी चिखलात पडलेले खड्डे उन्हाळ्यात वाळून दगडासारखे होतात, दोन मैलांत हाताचे तळवे सुन्न. 40 ते 45 मिमी टायर लावा, जमल्यास ट्यूबलेस, म्हणजे हवा कमी ठेवता येते. माझं वजन सत्तर किलो, मी 30-35 पीएसआय ठेवतो. बरेच जण रस्त्यावरच्या सवयीनं टायर दगडासारखे टणक फुगवून येतात आणि मग म्हणतात की सायकल घसरते.

पावसाळा इथं नोव्हेंबर ते मार्च. पहिल्या पावसानंतर कुरणातली चिकणमाती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. शिवाय ओल्या वाटेवर चाकानं पडलेली चर वर्षभर राहते, पाणी तिथूनच वाहू लागतं. पाऊस पडून गेला की तीन-चार दिवस जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत वारा फार. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत छान, धुकं कमी आणि आकाश स्वच्छ.

वाटेच्या कडेला तीन-तीन पानांची झुडपं दिसली तर अंग लावू नका. पॉयझन ओक. सायकल त्यात आडवी टाकलीत तर हँडलवरून तेल हाताला लागतं आणि दोन आठवडे खाज. घरी आल्यावर गोचिडीही तपासा. फोनला रेंज मिळेल असं धरू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या, पाणी दोन बाटल्या.

———

जुन्यावाटा | रविवार, दुपारी 1:30

सड्यावरची, फार मनापासून लिहिलंय तुम्ही. मी सॉसालिटोत राहतो, घराच्या मागूनच मरिन हेडलँड्स, म्हणजे समुद्रालगतचे डोंगर, सुरू होतात. इथल्या वाटांची एक गोष्ट सांगतो. त्यामुळे माझी त्यांच्याकडे बघायची नजरच बदलली.

टेनेसी व्हॅलीतून (टेनेसी नावाची आगबोट 1853 मध्ये तिथल्या किनाऱ्यावर लागली, त्यावरून हे नाव) एक रुंद खडीची वाट डोंगरावर चढते. नाव मरिनचेलो ट्रेल. चढ एकसारखा, वळणं ऐसपैस, सायकलीला अगदी योग्य. मला कायम प्रश्न पडायचा की डोंगरात एवढी रुंद, आखीव वाट कुणी आणि कशाला काढली? ती एका शहराच्या रस्त्याची सुरुवात होती! 1964 मध्ये या डोंगरांवर मरिनचेलो नावाचं तीस हजार वस्तीचं शहर वसवायचं ठरलं होतं. थॉमस फ्राउज नावाचा बिल्डर, गल्फ ऑइल कंपनीचा पैसा, आराखड्यात उंच इमारती, दुकानं, कारखाने. काउंटीनं मंजुरीही दिली होती. प्रवेशद्वार उभं राहिलं, डोंगर खरवडून रस्ता काढायला घेतला. मग स्थानिक लोक आणि काही वकील कोर्टात गेले, काम अडलं, आणि 1970 पर्यंत सगळं बारगळलं. 1972 मध्ये ती जमीन द नेचर कन्झर्व्हन्सीनं घेतली आणि पुढे ती गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियात गेली.

आज त्याच रस्त्यावरून आपण चढतो. वर पोचलं की बॉबकॅट ट्रेल लागते, ती रोडिओ व्हॅलीत उतरते, तिथून मिवोक ट्रेलनं परत. माझा आवडता फेरा हाच. दर चढाला मनात येतं की इथं खिडक्या असत्या, पार्किंग असतं, शाळेची बस असती. त्या जागी ल्युपिनची निळी फुलं आहेत. मिशन ब्लू नावाचं इवलंसं निळं फुलपाखरू त्या ल्युपिनवरच अंडी घालतं. 1976 पासून ते नामशेष होण्याच्या मार्गावरच्या प्राण्यांच्या यादीत आहे.

बाकीच्या वाटांचंही तसंच. क्रॉस मरिन ट्रेल ही 1870 च्या दशकातल्या नॅरोगेज रेल्वेची वाट, म्हणून तिला चढ जवळपास नाहीच. हेडलँड्समधले कितीतरी रस्ते लष्करानं तोफांकडे जायला काढलेले. पॉइंट रेयसमधले पुष्कळसे गुराख्यांच्या गाड्यांचे. सायकलीसाठी म्हणून यातली एकही वाट कुणी काढली नाही. दुसऱ्याच कामासाठी जमिनीला झालेली इजा आपण वापरतो आहोत. त्यामुळे नवीन वाटा काढून द्या अशी मागणी मी कधी करत नाही. आहेत त्या जुन्या जखमांवरूनच जावं.

———

दोनचाकी_संजू | रविवार, रात्री 8:10

सगळं पटलं, पण एक गोष्ट मला सलते. पॉइंट रेयसमध्ये अर्ध्याहून जास्त वाटांवर सायकलला बंदी आहे. घोड्याला मात्र बऱ्याच ठिकाणी परवानगी. घोडा म्हणजे चार-पाचशे किलोचं जनावर, लोखंडी नाल, वाटेवर शेण. माझी सायकल दहा किलोची. मातीचं नुकसान कोण जास्त करतं? मी वीस वर्षं कर भरतो, पार्कला देणगी देतो, दरवर्षी वाटा दुरुस्त करायला स्वयंसेवक म्हणून फावडं घेऊन जातो. आणि त्याच वाटेवर मला सायकल ढकलतसुद्धा नेता येत नाही. हा अन्याय वाटतो.

———

जुन्यावाटा | सोमवार, सकाळी 6:50

संजू, तुमची तळमळ समजते. फावडं घेऊन जाणाऱ्या माणसाला तर हे बोलायचा पूर्ण हक्क आहे. पण कायद्याचा रोख मातीच्या नुकसानीवर नाही, त्यामुळे घोडा विरुद्ध सायकल या तुलनेनं उत्तर मिळत नाही.

पॉइंट रेयस नॅशनल सीशोअर सुमारे 71 हजार एकरांचं. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याच्या कायद्यावर सप्टेंबर 1962 मध्ये सही केली. त्यातला जवळपास 33 हजार एकरांचा भाग वाइल्डरनेस, म्हणजे रान जसंच्या तसं ठेवायची जागा, म्हणून राखलेला. त्याला 1964 चा वाइल्डरनेस ॲक्ट लागू होतो आणि त्यात मोटारी, मोटरबोटी, विमानं यांच्याबरोबर ‘यांत्रिक वाहतुकीचं कोणतंही साधन’ निषिद्ध आहे. माणसानं तिथं स्वतःच्या पायांनी किंवा जनावराच्या पाठीवरून जावं, अंतर जुन्या वेगानं कापावं, म्हणजे ते रान मोठंच राहील, असा त्यामागचा विचार. सायकलीनं रान लहान होतं. मी तीन तासांत जेवढं चालतो तेवढं अर्ध्या तासात सायकलीनं संपवतो.

एक योगायोग सांगतो. पॉइंट रेयसच्या वाइल्डरनेसचा कायदा झाला 1976 च्या ऑक्टोबरमध्ये. आणि त्याच महिन्यात, 21 तारखेला, इथून जवळच फेअरफॅक्सच्या डोंगरात रिपॅकची पहिली शर्यत झाली. जुन्या जड श्विन सायकली घेऊन पोरं फायर रोडवरून सुसाट खाली आली. ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, दर उतारानंतर नव्यानं भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी त्यातलीच. जगभरची माउंटन बाइक तिथून निघाली. अवघ्या काही दिवसांच्या अंतरानं, एकाच काउंटीत, रानाला कुंपण घालणारा कायदा आणि रानात शिरणारी सायकल दोन्ही जन्मले. हे भांडण तेव्हापासूनचं आहे. तुम्ही आणि मी ते संपवू शकणार नाही.

———

दोनचाकी_संजू | सोमवार, रात्री 10:25

ऑक्टोबर 1976 चं माहीत नव्हतं. उत्तर पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. वाइल्डरनेसच्या आत जे जुने रुंद गाडीरस्ते आहेत, निदान त्यांचा फेरविचार व्हावा असं मला अजूनही वाटतं. पण ‘सायकलीनं रान लहान होतं’ हे वाक्य दिवसभर डोक्यात होतं. स्टुअर्ट ट्रेलनं ग्लेन कॅम्पला रात्री राहायला सायकलवरून गेलोय मी. पोचलो तेव्हा दुपारचे बाराच वाजले होते, आणि पुढं काय करायचं ते कळेना. चालत गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

———

कातळकोरा | मंगळवार, सकाळी 11:30 (भारतीय वेळ)

नमस्कार, मी रत्नागिरीतच राहतो. ‘सड्यावरची’ हे नाव बघून धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला.

आमच्याकडे ग्रॅव्हल बाईक हा शब्द आता आता आला. सडा मात्र आहेच. मैलोन् मैल उघडा जांभा, त्यावरून गेलेले लाल मुरमाचे रस्ते, एका बाजूला खाली समुद्र. सकाळी सहाला निघालं तर दहापर्यंत चालवता येते, नंतर कातळ तापतो.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी आणि मित्र राजापूरच्या बाजूला सड्यावर भटकत होतो. रस्ता सोडून सरळ कातळावरून सायकली घातल्या, मोकळं मैदानच वाटत होतं. लांबून एका आजोबांनी हाक मारली. जवळ आले, रागावले नाहीत. म्हणाले, “बाबांनो, चित्रावरून गेलात.” मागे वळून पाहिलं. आम्हाला काही दिसेना. मग त्यांनी बाटलीतलं पाणी कातळावर ओतलं, आणि ओल्या दगडावर रेघा उमटल्या. माशाची शेपटी, त्याच्या शेजारी आणखी काहीतरी. आमच्या चाकांची मातीची रेघ त्या शेपटीवरून आडवी गेली होती.

कातळशिल्पं आता सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, तो बघायला लोक येतात. तिथं आता निदान लक्ष तरी आहे. पण यादीत नसलेली, गवताखाली, मातीखाली गेलेली कितीतरी आहेत, आणि ती जिथं आहेत ती जागा बाहेरच्याला नुसता मोकळा कातळ वाटते. म्हणून आमच्या गटाचा आता एकच नियम: मुरमाचा रस्ता सोडून चाक कातळावर जाणार नाही. बघायचं असेल तर सायकल रस्त्यावर आडवी करायची आणि चालत जायचं, चप्पल काढून गेलात तर आणखी बरं.

दुसरं म्हणजे माळटिटवी. मार्च ते जून ती उघड्या कातळावर, खड्यांच्या मधे अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच, चाक वरून गेलं तरी कळणार नाही. ती ओरडत तुमच्या भोवती घिरट्या घालायला लागली की समजायचं, आपण तिच्या घरात आलोय. तिथल्या तिथे थांबून, आलो त्याच रेषेत मागं फिरायचं.

आणि पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, कातळावरच्या बोटभर मातीत जी निळी-पांढरी फुलं येतात त्यांच्यावरून तर पाऊलसुद्धा नको. तेवढी माती साठायला किती काळ लागला असेल!

———

सड्यावरची | सोमवार, रात्री 11:45 (इथे अजून सोमवारच)

कातळकोरा, तुमचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. आम्ही लहानपणी त्याच कातळावरून किती सायकली फिरवल्या असतील! आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आजी म्हणायची, ती पांडवांनी कोरलेली चित्रं. आम्ही ते गोष्ट म्हणून ऐकायचो आणि विसरायचो.

माळटिटवीसारखंच इथं स्नोई प्लोव्हर आहे. आपल्या चिखल्या पक्ष्याचं भावंड, मूठभर आकाराचं, वाळूच्याच रंगाचं. मार्च ते सप्टेंबर कोरड्या वाळूत नुसता एक खळगा करून त्यात बहुधा तीन अंडी. 1993 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पॉइंट रेयसच्या पुळणीवर सायकलला परवानगी नाही. मला आधी वाटायचं, ओहोटीच्या ओल्या टणक वाळूवरून चालवली तर काय बिघडतं? पण ओल्या वाळूपर्यंत पोचायला कोरडी वाळू ओलांडावीच लागते, आणि तो खळगा तिथंच असतो.

———

शिंपल्यांचा_रस्ता | मंगळवार, दुपारी 2:20 (नेदरलँड्स)

हेगहून लिहिते आहे. आमच्याकडे किनाऱ्याला लागून वाळूच्या टेकड्या आहेत, आणि शहराचं पिण्याचं पाणी 1874 पासून त्या वाळूतून गाळलं जातं. टेकड्यांतल्या काही जुन्या सायकलवाटा शिंपल्यांच्या चुऱ्याच्या आहेत, पांढऱ्या. पावसातही पाणी साचत नाही. रात्री चंद्रप्रकाशात त्या वाटा उजळतात, दिवा लावावासा वाटत नाही.

पण ॲमस्टरडॅमच्या पाण्याच्या टेकड्यांत उलटी पद्धत. तिथं सायकलला मनाई, आणि चालणाऱ्यांना वाट सोडूनही हिंडायची मुभा! सायकलींच्या या देशात असं कसं, म्हणून मी पहिल्यांदा चिडले होते. आता वर्षातून दोनदा फक्त चालायला तिथं जाते. हरणं इतकी जवळ येतात की त्यांच्या चरण्याचा आवाज ऐकू येतो.

———

पुणेकर_पायडल | मंगळवार, रात्री 9:30 (भारतीय वेळ)

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात सायकल नेता येते का? रेवदंडा-काशीद-मुरूड रस्त्यानं दरवर्षी जातो, शेजारचं रान खुणावत असतं.

———

कातळकोरा | बुधवार, सकाळी 8:15 (भारतीय वेळ)

अभयारण्यात शिरायला 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनविभागाची परवानगी लागते, सायकल असो की नसो. सुपेगावच्या बाजूनं जा, तिथं विचारा, आणि चालत जायची तयारी ठेवून जा. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं ते, 1986 मध्ये अभयारण्य झालं. आत पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात सगळं जंगल त्या गाणांवर येतं. शेकरू बघायचं असेल तर मान वर करून, थांबत थांबत हिंडावं लागतं. सायकलवर नजर चाकापुढच्या दहा हातांवर असते, शेंड्यावरचं शेकरू कुणाला दिसणार? माझ्या मते फणसाडला सायकल बाहेर ठेवावी. किनाऱ्याचा रस्ता तुमच्याकडे आहेच, आणि तो कमी सुंदर नाही.

———

नवखी_फ्रीमाँट | बुधवार, रात्री 9:05

सगळ्यांचे आभार, मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. गाडी नसली तर कसं जायचं तेही कुणी सांगाल का? यांना शनिवारी गाडी लागते.

———

टायरपंप | बुधवार, रात्री 9:50

बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोहून लार्कस्परला या, सायकल बोटीत नेता येते. तिथून सॅन राफेल जवळ आहे. सॅन राफेलहून 68 नंबरची स्टेजकोच बस पॉइंट रेयसकडे जाते, बसच्या तोंडाशी सायकलींचा स्टँड असतो, पण जागा मोजक्या, तेव्हा लवकरची बस घ्या. हेडलँड्सला जायचं तर सॉसालिटोची बोट. परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघतानाच लिहून ठेवा.

———

सड्यावरची | रविवार, संध्याकाळी 6:30

काल नवखी_फ्रीमाँट आणि मी बेअर व्हॅलीला जाऊन आलो. निघण्याआधी माहिती केंद्रासमोरच्या भूकंपाच्या वाटेवर पाच मिनिटं उभ्या राहिलो. 1906 च्या भूकंपात हे सगळं द्वीपकल्प सुमारे 20 फूट वायव्येला सरकलं, आणि ज्या फटीवर ते सरकलं ती (सॅन अँड्रियास फॉल्ट) आपल्या पायाखालून जाते. तिनं वाकून जमिनीला हात लावला.

वाट रुंद, गाडीरस्त्यासारखी, दोन्ही बाजूंना नेचे आणि उंच डग्लस फर. तिच्या 35 मिमी टायरना काही अडचण आली नाही. दीड मैलावर डिव्हाइड मेडो नावाचं गवताळ पठार लागतं. तिथपर्यंत ओहोळ आपल्या विरुद्ध दिशेनं वाहतो. पठार ओलांडलं की दुसरा ओहोळ आपल्याबरोबर समुद्राकडे निघतो. पाण्यानं दिशा बदलल्याचं तिनंच मला दाखवलं. मी इतक्यांदा गेले आणि कधी पाहिलं नव्हतं, कारण मी तिथं कायम उताराच्या नादात असायचे. काल आम्ही इतक्या सावकाश होतो की एक लावी आठ-दहा पिल्लं घेऊन वाट ओलांडेपर्यंत दोन मिनिटं उभ्या राहिलो. पिल्लं अक्रोडाएवढी. शेवटचं एक मागं राहिलं, परत आलं, पुन्हा गेलं.

3.2 मैलांवर ग्लेन ट्रेलचा फाटा येतो आणि तिथं सायकलींसाठी लोखंडी स्टँड आहे. चाकाची हद्द तिथं संपते. पुढचं मैलभरापेक्षा थोडं कमी अंतर पायी. पूर्वी टोकाला आर्च रॉक नावाची खडकाची कमान होती, ती 2015 मध्ये कोसळली, एक जीव गेला. कड्याच्या काठापासून आम्ही लांबच बसलो. पोळी-भाजी खाल्ली. खाली पाणी हिरवं, आणि वारा इतका की बोलताना ओरडावं लागत होतं. तिनं विचारलं, इथपर्यंत सायकल आली असती तर? मी म्हटलं, आपण एव्हाना फोटो काढून परतीच्या वाटेवर असतो.

परत आलो तेव्हा स्टँडवर आमच्या दोन सायकलींशेजारी तीन नव्या उभ्या होत्या. त्यांतली एक लहान मुलाची, लाल, हँडलवर बेडकाच्या तोंडाची घंटा.

संजू, तुमची ग्लेन कॅम्पची गोष्ट मी तिला चालता चालता सांगितली. पुढच्या वेळी तुम्ही स्टुअर्ट ट्रेलनं न येता आमच्याबरोबर बेअर व्हॅलीनं या, स्टँडला सायकल लावू आणि सामान पाठीवर घेऊन कॅम्पपर्यंत चालत जाऊ. टायरपंप, पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा बोलिनास रिज करायची आहे, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळी आठ वाजता सर फ्रान्सिस ड्रेक रस्त्याकडच्या फाटकापाशी. नवखी येते आहे, तुमचे जुने 42 मिमी टायर तिला चालतील का ते बघा. घंटा सगळ्यांनी आणा. माझ्याकडे एक जास्तीची आहे.